कोअर शॉपमधल्या आयांच्या लेकरांसाठी : कोल्हापूरच्या उद्योजकांना खुले पत्र

प्रति,
शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील उद्योजक बंधुभगिनींस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र देणगीसाठी नाही. देणगीच्या बाबतीत तुम्ही आमच्या शाळांना कधी रिकाम्या हाती परत पाठवलेलं नाही. बाक दिले, पाण्याची टाकी बांधून दिली, २०१९ च्या महापुरात पोरांची दप्तरं भिजली तेव्हा वह्यांचे गठ्ठे टेम्पोत घालून पाठवले. त्याबद्दल मनात कायम कृतज्ञता आहे. आज मागायचंय ते निराळं आहे : ठरल्या तारखेला पगार, आणि कामाच्या वेळेत लेकरू ठेवायला एक जागा.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवलं. त्यातली शेवटची चौदा वर्षं गोकुळ शिरगावच्या अंगाला असलेल्या एका शाळेत गेली. वर्गात निम्मी पोरं तुमच्या कामगारांची. कुणी भुदरगड-राधानगरीकडून आलेलं, कुणी कर्नाटकातलं, आणि अलीकडं तर उत्तर प्रदेश-बिहारकडचीही, ज्यांना मराठीतलं 'ळ' म्हणायला दिवाळी उजाडायची. शाळेच्या खिडकीतून भट्टीचा धूर दिसायचा आणि पोरं आपल्या बापाच्या कारखान्याकडं बोट दाखवून सांगायची, "बाई, त्यो आमचा."

त्या चौदा वर्षांत हजेरीपट भरता भरता एक गोष्ट ध्यानात आली. पगार वेळेवर झाला की पोरं रोज यायची. पगार लांबला की गैरहजेरी वाढायची, आणि ती सगळ्यांची सारखी वाढायची नाही. तिसरी-चौथीतल्या मुलींची वाढायची. आधी मला वाटायचं आजारपण असेल, सणवार असेल. मग घरोघरी जायला लागले तेव्हा उलगडा झाला. पगार अडकला की बाप ओव्हरटाइम मारायचा, आई सुट्टीच्या दिवशी कुणाच्या तरी शेतात भांगलणीला जायची, आणि घर पडायचं थोरलीच्या अंगावर. थोरली म्हणजे वय वर्षं नऊ.

त्यातली एक मुलगी मला विसरता येत नाही. तिसरीत होती. सतरापर्यंतचे पाढे घडाघडा म्हणायची, गणित फळ्यावर लिहून व्हायच्या आत उत्तर सांगायची. दिवाळीनंतर ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत यायला लागली. नऊ-दहा महिन्यांचं पोर. आई एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याच्या, कोअर शॉपमध्ये (साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, करतात तिथं) कंत्राटदाराकडून कामाला लागली होती, बाप फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला होता. मी तिला बसू दिलं. बाकाखाली माझी शाल अंथरून बाळ झोपवायचं, ते उठलं की तिनं बाहेर जायचं, शांत झालं की आत यायचं. दोन महिने असं चाललं. मग बाळ रांगायला लागलं, वर्गात ठेवणं जमेना, आणि ती यायची थांबली. वर्षभरानं परत आली तेव्हा दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद वाचताना अडखळत होती. बुद्धी कुठं गेली नव्हती. वर्ष गेलं होतं.

आता या घराचा हिशेब तुम्हीच मांडून बघा. आई कामाला लागली म्हणजे घरातलं उत्पन्न वाढलं. कुठल्याही पाहणीत हे घर एक पायरी वर चढलेलं दिसेल. पण त्याच महिन्यात त्या घरातली एक शाळा बंद पडली. आईच्या हजेरीची किंमत थोरल्या लेकीच्या हजेरीनं चुकती झाली. घरची मिळकत, आईबापाचं काम आणि पोराची वाढ या तीन गोष्टींचा संबंध कसा असतो, हे मला कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा त्या हजेरीपटानं जास्त शिकवलं.

आईला बोलावलं तर ती यायची नाही. एकदा संध्याकाळी तिच्या खोलीवर गेले, तेव्हा म्हणाली, "बाई, एक खाडा पडला की त्या दिवसाची हजेरी जाती, वर महिन्याचा हजेरी बोनस बी जातो. मी मिटिंगला कशी येऊ सांगा." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती मला फक्त व्यवहार सांगत होती. त्यानंतर मी पालकसभा शनिवारी घेणं सोडून दिलं. आमच्या वस्तीत बऱ्याच घरांत कारखान्याची सुट्टी सोमवारी असायची, आणि शाळेची रविवारी. म्हणजे आईबाप आणि पोरं आठवड्यात एक दिवसही सुट्टीचे म्हणून एकत्र नसायचे. सभा सोमवारी संध्याकाळी ठेवायला लागलो तशी व्हरांड्यात बसायला जागा पुरेना. ज्यांना आम्ही 'पालक उदासीन आहेत' असा शेरा मारायचो, तेच हे पालक. तो शेरा मीही लिहिलेला आहे, आणि आजही त्याची खंत वाटते.

पगाराच्या तारखेवर मी एवढा जोर का देते, त्यामागं माझं स्वतःचं घरही आहे. माझे वडील भोगावतीकाठचे ऊस शेतकरी. उसाचं बिल वर्षाकाठी यायचं आणि सोसायटीचं कर्ज, खताची उधारी, मागच्या लग्नाचं देणं फेडून हातात उरायचं ते मोजायला फार वेळ लागायचा नाही. आईच्या दोन म्हशी होत्या. दुधाचं बिल दहा दिवसांनी यायचं. रक्कम लहान, पण ठरलेली. आम्हा तिघा भावंडांच्या वह्या, एसटीचा पास, परीक्षेची फी हे सगळं दुधाच्या बिलातून झालं, उसाच्या नाही. ऊस मोठा होता, पण शिकवलं दुधानं. कोल्हापुरातल्या कितीतरी घरांची हीच कथा आहे, तुमच्यातल्याही अनेकांची असेल.

याला पुढं शास्त्राचाही आधार मिळाला. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याच शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी, हात आखडलेला असताना, आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर, सारख्याच प्रकारची बुद्धीची कोडी घातली. माणूस तोच, शिक्षण तेच, पण तोडणीआधी त्याला कोडी कमी सुटत होती. पैशाची ओढाताण डोक्यातली जागा खाऊन टाकते, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला. ज्या आईच्या डोक्यात रात्रंदिवस 'दुकानदाराला काय सांगू' एवढंच चाललंय, ती लेकराशी दोन शब्द बोलेल कुठून? ती अडाणी नसते. तिच्या डोक्यात जागा उरलेली नसते.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात चेरोकी आदिवासींची वस्ती आहे. १९९६ पासून तिथं जमातीच्या कॅसिनोच्या नफ्यातला वाटा प्रत्येक प्रौढ माणसाला ठरावीक काळानं मिळायला लागला, वर्षाला सुमारे ४,००० डॉलर. योगायोगानं तिथल्या मुलांच्या मनःस्वास्थ्याचा अभ्यास आधीपासूनच चालू होता, म्हणून आधीचं आणि नंतरचं ताडून बघता आलं. गरिबीतून वर आलेल्या घरांतल्या मुलांचं बिघडलेलं वागणं कमी झालं, आणि सगळ्यात गरीब घरांतली मुलं एकविसाव्या वर्षापर्यंत साधारण एक वर्ष जास्त शिकली. घरबसल्या पैसा आला म्हणून आईबापांनी काम सोडलं, असंही झालं नाही. फरक कशानं पडला याचा शोध घेतला, तर एक धागा सापडला तो असा की आईबापांना मुलांवर लक्ष ठेवायला सवड मिळाली.

पण नुसते चार पैसे जास्त दिले की पोर हुशार होतं, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतच २०१८ पासून हजार गरीब बाळंतिणींना महिन्याला रोख रक्कम देऊन बघितलं, काहींना ३३३ डॉलर आणि काहींना नावापुरते २०. पहिल्या वर्षी बाळांच्या मेंदूच्या नोंदींत फरक दिसल्यासारखं वाटलं, पण मुलं चार वर्षांची झाली तेव्हा भाषेत किंवा विचारशक्तीत ठळक फरक सापडला नाही. उलट जमैकात १९८०च्या दशकात वाढ खुंटलेल्या १२९ बाळांचा अभ्यास झाला होता. त्यातल्या काहींना नुसता पोषक आहार दिला. काहींच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला एक आरोग्यसेविका तासभर जायची आणि घरातल्याच डबे-डुबल्यांची खेळणी करून बाळाशी कसं खेळावं, कसं बोलावं हे आईला दाखवायची. वीस वर्षांनी बघितलं तर ज्यांच्या घरी ही सेविका गेली होती, ती बाळं मोठेपणी २५ टक्के जास्त कमावत होती. नुसत्या आहाराचा कमाईवर तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे पोट भरायलाच हवं, पण सोबत कुणीतरी पोराशी बोलायला हवं, रोज हवं, आणि ते पहिल्या दोन-तीन वर्षांत हवं.

तुमच्या धंद्यातलंच बोलते, कारण ते मला तुमच्याच कामगारांनी शिकवलंय. कोअरमध्ये दमटपणा राहिला तर कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या नगाला, आतून ब्लो होल, म्हणजे वाफेचं पोकळ भोक पडतं. वरून बघितलं तर माल चकाचक. तो पुढं मशीन शॉपमध्ये जातो, पहिला कट बसतो आणि भोक उघडं पडतं. तोवर धातू, वीज, मजुरी सगळं खर्ची पडलेलं असतं आणि तो नग परत भट्टीत टाकण्यावाचून गत्यंतर नसतं. पोराचं नेमकं हेच होतं. पहिल्या तीन वर्षांत राहून गेलेलं चौथी-पाचवीपर्यंत दिसत नाही. ते आठवीतल्या बीजगणितात उघडं पडतं, आयटीआयच्या वर्गात उघडं पडतं, आणि मग तुम्ही म्हणता, "आजकालच्या पोरांना मायक्रोमीटर वाचता येत नाही." पण पोराला परत भट्टीत टाकता येत नाही हो.

सरकारचा पैसाही उलट्या टोकाला जास्त जातो. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांसाठी दुर्बल घटकातल्या पालकाची उत्पन्नमर्यादा आपल्या राज्यात वर्षाला एक लाख, म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. नवराबायको दोघं कामाला जाणारं तुमच्याकडचं एकही घर त्यात बसणार नाही. तेच पोर अठरा वर्षांचं झालं की कॉलेजच्या फी सवलतीची मर्यादा आठ लाख होते. तीन वर्षांच्या पोरासाठी एक लाख आणि अठराव्या वर्षी आठ लाख! या विषयावर मी संबंधितांना वेगळा अर्ज करणार आहे. तुमच्या हातातली गोष्ट ती नाही.

तुमच्या हातात काय आहे, ते सांगते.

पगाराची तारीख तुमच्या हातात आहे. हजारापेक्षा कमी कामगार असतील तिथं पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत पगार, हा नियम १९३६ च्या कायद्यापासून चालत आलाय, आणि कायम कामगारांच्या बाबतीत तुम्ही बहुतेक जण तो पाळताही. अडचण कंत्राटी माणसांची होते. तुमचं बिल कंत्राटदाराकडं वेळेवर जातं, पण कंत्राटदाराकडून बाईच्या खात्यावर कधी येतं, याची विचारपूस होत नाही. माझ्या वस्तीत एका कंत्राटदाराचा पगार तेवीस दिवस लांबलेला मी बघितलाय. त्या तेवीस दिवसांत माझ्या वर्गातल्या चार मुली घरी बसल्या. ऑटो कंपनीला माल पाठवताना तुम्ही गाडी कधी पोचली याचा फोन करता, तसाच एक फोन ७ तारखेला या बायकांच्या पगारासाठी व्हावा. कंत्राटदाराचं पुढचं बिल मागच्या पगाराचा पुरावा बघूनच निघावं. याला खर्च शून्य आहे.

दुसरी गोष्ट पाळणाघराची. १९४८ चा कारखाने कायदा म्हणत होता की तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तर पाळणाघर हवं. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला ते लागू झालं. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडं जाता येईल, असंही त्यात लिहिलंय. आपल्याकडची बरीच युनिटं लहान. एकेकाचा पट बघितला तर आकडा भरत नाही, आणि कायदा दारावरून निघून जातो. पण त्याच दुरुस्तीत सामाईक सोयीचीही मुभा आहे, आणि सामाईक काम हे तर तुमचं बलस्थान. वापरलेली वाळू पुन्हा वापरण्याजोगी करायचा प्रकल्प एकट्यादुकट्या फाउंड्रीला परवडत नव्हता, म्हणून तुम्ही क्लस्टर करून एकत्र आलात. वाळूसाठी जे जमलं ते लेकरांसाठी जमेल.

मी अंदाजानं हिशेब घातलाय, चुकला असेल तर दुरुस्त करा. चाळीस मुलं धरा, सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची. चार ताई, प्रत्येकी १५,००० रुपये, म्हणजे ६०,०००. एक स्वयंपाकीण १२,०००. जागेचं भाडं, वीज, पाणी २०,०००. दूध, खिचडी, अंडं, फळ मिळून एका मुलामागं रोज ४० रुपये धरले तर सव्वीस दिवसांचे ४१,६००. एकूण महिन्याला १,३३,६०० रुपये. वीस कारखान्यांनी वाटून घेतलं तर एकेकाला ६,६८० येतात. नवी बाई कोअर शॉपला लावून तिचा हात बसेपर्यंत किती कोअर वाया जातात, तो आकडा तुम्हाला माझ्यापेक्षा नेमका ठाऊक आहे. तोही यात धरून बघा. केंद्राची 'पाळणा' योजनाही आहे, तिच्यात महिन्याला सव्वीस दिवस आणि रोज साडेसात तास पाळणाघर चालवायची तरतूद आहे. जागा तुम्ही दिलीत आणि पाठपुरावा केलात तर थोडा भार तिकडूनही हलका होईल.

'अंगणवाडी आहे की!' असं कुणी म्हणेल. आहे, आणि आमच्या सेविका जीव तोडून काम करतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पोरांच्या अंगणातच शाळा नेली, तिथून हा विचार मोठा झाला, आणि १९७५ साली केंद्राची अंगणवाडीची योजना आली. पण अंगणवाडी दुपारी सुटते, पाळी संध्याकाळी सुटते, आणि तीन वर्षांखालचं पोर तर तिथं दिवसभर राहतच नाही, त्याच्या वाट्याला आहाराचं पाकीट येतं. मधले चार तास कुणाचे, याचं उत्तर आज तरी नऊ वर्षांची थोरली बहीण हेच आहे.

तुम्ही शाहू महाराजांच्या गावचे उद्योजक आहात, म्हणून हक्कानं आठवण करून देते. महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते १९१७ साली, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. ही गोष्ट प्रत्येक जयंतीला सांगितली जाते. पण त्याच्या सोळा वर्षं आधी, १९०१ मध्ये, त्यांनी वसतिगृह काढलं होतं. मग एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली, जातीजातीची पोरं तिथं राहून, जेवून शिकली. १९०६ साली शाहू मिलचा पाया घातला, म्हणजे हाताला काम. पोरानं राहायचं कुठं, खायचं काय, बापाला काम कुठलं, हे आधी बघितलं आणि सक्ती नंतर आणली. दंडाची गोष्ट सांगताना हा क्रम आपण विसरतो.

या पाळणाघरात थोरली पोरं शाळा सुटल्यावर अभ्यासाला बसली, तर त्यांना पाढे आणि वाचन मी शिकवीन. मानधन नको. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या आणखी तिघी बाई तयार आहेत, त्यातली एक कन्नड बोलते आणि एकीचं हिंदी चांगलं आहे, त्याचा परगावच्या पोरांना उपयोग होईल. खेळणी विकत आणायला लागणार नाहीत. तुमच्या पॅटर्न शॉपमधले, म्हणजे साच्यासाठी लाकडी नमुने करतात तिथले, लाकडाचे निरुपयोगी तुकडे घासून, कडा मारून दिलेत तर त्याचे उत्तम ठोकळे होतात. आम्ही शाळेत केले होते.

तुमच्या असोसिएशनची बैठक असेल तेव्हा मला दहा मिनिटं द्या. सोमवार असेल तर फारच बरं, म्हणजे दोन-तीन आयांनाही हजेरी न बुडवता सोबत आणता येईल. बैठकीआधी जमलं तर एकदा दुपारी अंगणवाडी सुटायच्या वेळी आमच्या वस्तीत या. फाटकापाशी उभं राहून फक्त एवढंच बघा, की कुठलं पोर कुणाचा हात धरून घरी जातं.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
उजळाईवाडी, ता. करवीर, जि. कोल्हापूर